कॉमर्स करून पुण्यात आलात? पहिलं काम शोधण्यापासून अनुभवपत्रापर्यंत

माझ्या पहिल्या बायोडेटात अनुभवाच्या रकान्यात ‘फ्रेशर’ एवढा एकच शब्द होता. सदाशिव पेठेतल्या एका सीएंच्या ऑफिसात मुलाखतीला गेले, तेव्हा सरांनी तो कागद बाजूला सारला आणि विचारलं, “वडील काय करतात?” म्हटलं, करमाळा तालुक्यात खत-बियाण्यांचं दुकान आहे. “उधारी कोण लिहितं?” मी, आठवीपासून. “वसुली कधी?” उसाचं बिल आलं की. “आणि कारखान्यानं बिल लांबवलं तर?” पुढची दहा मिनिटं आम्ही त्या लाल वहीबद्दलच बोलत होतो. कुणाच्या नावापुढे किती महिने झाले, कुणाला तरीही पोती द्यायची, कुणाला हात जोडायचे. पुस्तकात ज्याला ‘डेटर्स एजिंग’ म्हणतात ते मी गल्ल्यावर बसून सहा वर्षं करत होते, आणि कागदावर लिहिलं होतं ‘फ्रेशर’.

बी.कॉम., बीबीए, एम.कॉम. करणारे, सीए इंटरला असलेले, किंवा एमबीए फायनान्सच्या आधी वर्षभर काम करून बघायचं ठरवलेले, अशा सगळ्यांसाठी हे लिहितेय. विशेषतः जे बाहेरगावाहून येतात आणि ज्यांच्या ओळखीचं इथे कुणी नसतं त्यांच्यासाठी. माझं मत आधीच सांगते. पहिल्या वर्षी ऑफिसचं नाव आणि पगार यापेक्षा एकच गोष्ट बघा: एखादा व्यवहार बिलापासून रिटर्नपर्यंत पूर्ण आपल्या हातून जातो का. बाकी सगळं नंतर जमतं.

१. बायोडेटाआधी घरची वही आठवा

एक कोरा कागद घ्या आणि ज्या ज्या ठिकाणी पैशाचा हिशेब तुमच्या हातात होता, ते सगळं लिहून काढा. दुकानाची उधारी, आईच्या बचतगटाचं रजिस्टर, गणपती मंडळाच्या पावत्या, दूध डेअरीचं दहा दिवसांचं बिल, कॉलेजच्या गॅदरिंगचा खर्च. मग प्रत्येकापुढे तीन गोष्टी मांडा: किती लोकांचा किंवा किती रकमेचा हिशेब होता, किती काळ केला, आणि त्यात तुम्ही स्वतः काय करत होतात.

‘वडिलांना व्यवसायात मदत’ हे वाक्य वाचून कुणाच्याच डोळ्यासमोर काही येत नाही. ‘१४० शेतकऱ्यांची उधारी वही, महिन्याला थकबाकीची यादी, २ वर्षांपासून टॅलीवर’ असं लिहिलंत की समोरचा प्रश्न विचारतो, आणि त्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला पाठ करावं लागत नाही. आकडे मात्र खरे लिहा. मुलाखत घेणाऱ्यानं तुमच्या वयाइतकी वर्षं वह्या तपासलेल्या असतात.

बायोडेटा इंग्रजीतच लागतो, एका पानाचा. वरचं ते ‘करिअर ऑब्जेक्टिव्ह’ काढून टाका. सगळ्यांचं एकाच सायबर कॅफेतून आलेलं असतं.

२. फाइल

प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स, शिवाय स्कॅन करून मोबाइलमध्ये:

- पॅन आणि आधार. दोन्हींवर नावाचं स्पेलिंग एकच हवं. माझं आडनाव पॅनवर एक अक्षर कमी होतं, आणि पीएफच्या वेळी त्यापायी दोन महिने गेले.
- दहावी, बारावी, पदवीची सगळी गुणपत्रकं, शाळा सोडल्याचा दाखला
- बँक पासबुकाचं पहिलं पान किंवा रद्द केलेला चेक
- पासपोर्ट साइझ फोटो
- राहत्या जागेचा पुरावा. हॉस्टेल किंवा कॉट बेसिसवर असाल तर मालकाकडून साधं पत्र घ्या.
- सीए इंटरचे असाल तर दोन्ही ग्रुपचे निकाल आणि आयसीआयटीएसएस (सीएसाठी सक्तीचं संगणक आणि ओरिएंटेशन) प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं

मूळ कागद दाखवायचे, द्यायचे नाहीत. ‘वर्षभर आमच्याकडे जमा राहतील’ म्हणणारं ऑफिस दिसलं की चप्पल घाला.

३. पुण्यात काम कुठे मिळतं

पेठांमधली सीए आणि कर सल्लागारांची ऑफिसं: सदाशिव, नारायण, शुक्रवार पेठ, टिळक रोड, शिवाजीनगर. दोन खोल्या, सहा टेबलं, छतापर्यंत फाइली. पैसे कमी मिळतात, पण लक्ष्मी रोडचा साडीवाला, मार्केट यार्डातला अडत्या, भवानी पेठेतला लाकडाचा व्यापारी आणि कोथरूडचा डॉक्टर असे चार वेगवेगळ्या जातीचे हिशेब एकाच आठवड्यात हातात पडतात. शिकायला याहून चांगली जागा मला तरी माहीत नाही.

कारखान्यांचा पट्टा: भोसरी, चाकण, तळेगाव, रांजणगाव. इथे अकाउंट्स विभागात पहिलं काम बहुतेक खरेदीच्या बिलांचं असतं. ऑर्डर, माल आल्याची नोंद आणि बिल हे तिन्ही जुळलं तरच पैसे सोडायचे. शिवाय ई-वे बिल (वाहतुकीत मालासोबत लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद): परराज्यात माल जाणार असेल तर ५० हजारांच्या वर, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखाच्या वर. काम एकसुरी असतं, शिस्त मात्र हाडात मुरते.

खराडी, मगरपट्टा, हिंजवडी: परदेशी बँका आणि फंड कंपन्यांची बॅक ऑफिसं. पगार पेठेपेक्षा चांगला, कॅब, कँटीन. पण एका माणसाकडे कामाचा एकच तुकडा असतो. माझी मैत्रीण दोन वर्षं फक्त डिव्हिडंडच्या नोंदी जुळवत होती. अमेरिकन टॅक्सच्या टीममध्ये गेलात तर जानेवारी ते १५ एप्रिल घरी लग्न ठरवू नका.

पतसंस्था आणि सोसायट्या: याकडे मुलं बघतच नाहीत. पुण्यात गृहनिर्माण सोसायट्या मोजायला बसलो तर दिवस पुरणार नाही, आणि प्रत्येकीला दरवर्षी लेखापरीक्षण करून सप्टेंबरअखेर वार्षिक सभा घ्यावी लागते. सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. (सहकार आणि हिशेबाची पदविका) ही परीक्षा कुठल्याही शाखेच्या पदवीधराला देता येते. सोसायट्यांचे हिशेब लिहिणाऱ्या एखाद्या काकांकडे सहा महिने बसा. मेंटेनन्स, सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठी साठवलेला पैसा), थकबाकीवरचं व्याज आणि माणसांचे स्वभाव, सगळं कळतं.

सीए करणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. १ जुलै २०२३ पासूनच्या नव्या योजनेत आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालचं सक्तीचं प्रशिक्षण) दोन वर्षांची आहे आणि इंटरचे दोन्ही ग्रुप सुटल्याशिवाय सुरू होत नाही. त्याआधी ऑफिसात केलेलं काम अनुभव म्हणून उत्तम, पण त्यातला एक दिवसही आर्टिकलशिपमध्ये धरत नाहीत. आणि सुरू केल्यावर ३० दिवसांत नोंदणीचे फॉर्म गेले पाहिजेत. ‘आधी सहा महिने बस, मग बघू’ हे वाक्य ऐकलंत तर तारीख विचारा, आणि ती लेखी घ्या.

४. हत्यारं

टॅलीसाठी हजारो रुपयांचा क्लास लावण्याआधी शैक्षणिक आवृत्ती उतरवून घ्या. फुकट असते. तिच्यात महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेच्याच नोंदी होतात, पण हात बसायला तेवढं पुरतं. एफ-४ कॉन्ट्रा, एफ-५ पेमेंट, एफ-६ रिसीट, एफ-७ जर्नल, एफ-८ सेल्स, एफ-९ पर्चेस. नोंद करतानाच नवं खातं उघडायला ऑल्ट-सी. माउसला हात न लावता पन्नास नोंदी करता आल्या की पुरे.

एक्सेलमध्ये व्ही-लुकअप, पिव्हट, सम-इफ आणि ट्रिम (जादा स्पेस काढणारं सूत्र). हसू नका, ट्रिम सगळ्यात जास्त लागतं. जीएसटी पोर्टलवरून काढलेली टू-बी (विकणाऱ्यांनी आपल्या नंबरावर दाखवलेल्या बिलांची यादी) आणि आपलं खरेदी रजिस्टर जुळवताना एकीकडे बिल नंबर ‘०१२/२५-२६’ असतो, दुसरीकडे नुसता ‘१२’, तिसरीकडे नंबरापुढे न दिसणारी स्पेस. लुकअप ‘सापडत नाही’ म्हणतो आणि नवीन मुलगा घाबरून पार्टीला फोन करतो.

पुस्तकांचं एक सांगते. अप्पा बळवंत चौकातून जुनी पुस्तकं घेऊन मीही शिकले. अकाउंटन्सी, कॉस्टिंग जुनं घ्या, बिघडत नाही. कराचं पुस्तक जुनं घेऊ नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जवळपास गेले. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या आयकर कायद्याच्या जागी २०२५ चा कायदा आला, त्यामुळे कलमांचे नंबर बदलले. ऑफिसातले जुनेजाणते अजून जुन्याच नंबरांनी बोलतात, म्हणून तेही कानावरून गेलेले असू द्या.

५. कधी जायचं

महिन्याच्या तारखा आधी पाठ करा. ७ ला टीडीएस (पैसे देतानाच कापून ठेवलेला आयकर) भरायचा, ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीच्या बिलांचं रिटर्न), १४ ला टू-बी येते, १५ ला पीएफ, २० ला ३-बी (जीएसटी भरायचं महिन्याचं रिटर्न). या तारखांच्या आगेमागे बायोडेटा घेऊन गेलात तर शिपाईसुद्धा मान वर करणार नाही. २१ ते २८ या दिवसांत, सकाळी साडेअकराच्या सुमारास जा. जुलैचा शेवट आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे ऑडिट-रिटर्नचे दिवस. तेव्हा माणसं हवी असतात, पण शिकवायला कुणी मोकळं नसतं. मी म्हणेन एप्रिल-मेमध्ये लागा. म्हणजे गर्दी सुरू होईपर्यंत कुठली फाइल कुठल्या कपाटात हे तरी माहीत असतं.

दुपारी एक ते चार जाऊ नका, हे पुण्यात वेगळं सांगायला नको.

ओळख नसेल तर नुसतं मेल पाठवून वाट बघू नका. पाट्या वाचत एक अख्खी गल्ली पायी करा. मला तिसऱ्या दिवशी, अकराव्या ऑफिसात ‘बसा’ म्हणाले.

६. मुलाखत: बँक जुळवून दाखवा

नावे-जमेचे तीन सुवर्ण नियम, घसाऱ्याची नोंद, मालकानं दुकानातला माल घरी नेला तर काय, हे विचारतात. पण खरी परीक्षा वेगळी असते. सरांनी माझ्यापुढे एका क्लायंटचं बँक स्टेटमेंट आणि बँक बुकची (त्याच्या हिशेबातल्या बँक खात्याची) प्रिंट ठेवली, म्हणाले, “जुळव. चहा येईपर्यंत.”

चहा आला, गार झाला. ५९० रुपयांचा फरक राहत होता. मी ५९० रुपयांचं बिल शोधत दोन्ही कागद तीनदा वरून खाली बघितले. सरांनी न बघताच सांगितलं, “५९० दिसले की ५०० आणि ९० दिसले पाहिजेत.” पाचशे बँकेचे चार्जेस, त्यावर १८ टक्के जीएसटी. स्टेटमेंटवर दोन ओळींत कापलेले होते, ५०० वेगळे आणि ९० वेगळे, म्हणून मला ५९० कुठेच दिसत नव्हते. तेव्हापासून ११८, २३६, ५९० हे आकडे मला गर्दीत ओळखीचा चेहरा दिसावा तसे दिसतात.

आणखी दोन युक्त्या. फरक ९ नं पूर्ण भागला जात असेल तर कुठेतरी दोन आकडे उलटे पडलेत का बघा: ५,४०० चे ४,५०० झाले की फरक ९००. आणि फरकाच्या निम्म्या रकमेची नोंद शोधा, ती नावेची जमेला गेलेली असू शकते.

जुळलं नाही तर जुळलं नाही म्हणून सांगा, आणि कुठपर्यंत आलात ते दाखवा. माझ्या आधी आलेल्या मुलानं ५९० ‘सस्पेन्स’ला (न उलगडलेल्या रकमांच्या खात्याला) टाकून ‘झालं’ म्हटलं होतं, असं नंतर कळलं.

७. पहिले तीन महिने

पहिला महिना व्हाउचर लावण्यात, पंचिंग (कॉम्प्युटरवर नोंदी भरणं) करण्यात आणि पंख्याखाली उडणारी बिलं धरण्यात जातो. कंटाळू नका, पण नुसते आकडे भरू नका. प्रत्येक बिल हातात आलं की जीएसटी नंबर वाचायची सवय लावा. पंधरा अक्षरांचा असतो: पहिले दोन राज्याचे, महाराष्ट्र २७, पुढचे दहा त्या पार्टीचा पॅन. २७ नं सुरू होतोय तरी बिलात आयजीएसटी (परराज्यातल्या विक्रीवरचा जीएसटी) लावलाय, तर थांबा आणि विचारा.

माझी चूक सांगते. जवळजवळ सारख्याच नावाच्या दोन फर्म होत्या, एक ‘ट्रेडर्स’, एक ‘ट्रेडिंग’. एकीचं बिल मी दुसरीच्या नंबरावर टाकलं. पोर्टलनं काहीच म्हटलं नाही, कारण नंबर खराच होता. १५ तारखेला मार्केट यार्डातून फोन: “ताई, तुमचं बिल आमच्या टू-बीला दिसत नाही. दिसेपर्यंत पैसे नाहीत.” दोन लाखांवरचं बिल होतं. क्लायंटचे पैसे माझ्यामुळे महिनाभर अडकले आणि पुढच्या महिन्याच्या जीएसटीआर-१ मध्ये दुरुस्ती करून ते सुटले. सर ओरडले नाहीत. त्यांनी फक्त त्या अडत्याला फोन मला करायला लावला.

एक वही करा. रोज संध्याकाळी चार ओळी: आज काय केलं, कुठे अडलं, कुणी सोडवलं. आणि दुसऱ्या महिन्यात स्वतःहून मागा: एक छोटा क्लायंट सुरुवातीपासून शेवटपर्यंत मला द्या. किराणावाला चालेल, स्टेशनरीवाला चालेल. बिलं, बँक, जीएसटी, वर्षाअखेरचा ताळेबंद, रिटर्न, सगळं त्याचं. तीन महिन्यांनीही ऑफिस फक्त झेरॉक्स आणि बँकेच्या चकरा सांगत असेल, तर दुसरीकडे बघायला लागा.

८. इथे पाय घसरतो

स्वतःचा पॅन, बँक खातं, सही कुणाला वापरायला देऊ नका. ‘तुझ्या नावावर एक छोटी फर्म काढू, महिन्याला दोन हजार घे’ असं गोड बोलून विचारणारे भेटतात. त्या फर्मच्या नावानं खोटी बिलं निघाली की नोटीस तुमच्या गावच्या पत्त्यावर जाते, आणि पोस्टमन ती वडिलांच्या हातात देतो.

डिजिटल सहीची टोकनं (पेन ड्राइव्हसारखी दिसणारी) ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये डबाभर पडलेली असतात, प्रत्येकाला चिकटपट्टी, चिकटपट्टीवर नाव, काही ठिकाणी पिनसुद्धा. ती त्या माणसाची सही आहे. त्याचा किंवा सरांचा लेखी निरोप, निदान व्हॉट्सअॅपवर, असल्याशिवाय लावू नका.

क्लायंटच्या नोंदणीत स्वतःचा मोबाइल किंवा ईमेल टाकू नका. ‘ओटीपी लगेच मिळतो’ म्हणून सगळेच टाकतात. मीही टाकला.

शंभर टक्के नोकरीची हमी देऊन आधी फी घेणारे क्लास, ऑफर लेटरसाठी ‘परत मिळणारं डिपॉझिट’ मागणारे, आणि न केलेल्या कामाचं अनुभवपत्र विकणारे, या तिघांकडे फिरकू नका.

९. पगाराचा कागद

नोकरी असेल तर महाराष्ट्रात व्यवसाय कर कापतात: महिन्याला २००, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. महिलांना २५ हजारांपर्यंत पगार असेल तर तो लागत नाही. माझ्याकडून चार महिने कापला गेला, मी दाखवल्यावर परत मिळाला. पीएफ असेल तर १२ टक्के, आणि यूएएन (पीएफचा कायमचा) नंबर आयुष्यभर एकच ठेवायचा. नव्या ठिकाणी ‘आधी पीएफ नव्हता’ असं लिहून दुसरा काढून घेऊ नका.

काही ठिकाणी तुम्हाला नोकर न दाखवता ‘कन्सल्टंट’ दाखवतात आणि वर्षाची रक्कम मर्यादेपलीकडे गेली की १० टक्के टीडीएस कापतात. मग पीएफ नाही, रजा नाही. हे चालणार असेल तर डोळे उघडे ठेवून घ्या. कापलेला टीडीएस आयकर पोर्टलवरच्या तुमच्या कराच्या विवरणात (जुन्या कायद्यात त्याला २६-एएस म्हणायचे) दिसतोय का ते तिमाहीला बघा, आणि वर्षाअखेर रिटर्न भरून परतावा मागा. लोकांची रिटर्नं भरता भरता स्वतःचं राहून जातं. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

१०. निघताना

एक महिना आधी लेखी सांगा, आणि शक्यतो २० तारखेनंतर. अनुभवपत्रात नुसत्या तारखा नकोत. कोणतं काम केलं ते लिहून मागा: ‘अमुक क्लायंटची जीएसटी रिटर्न, टीडीएस, सोसायट्यांचं लेखापरीक्षण’. मसुदा तुम्हीच टाइप करून न्या, सर दोन शब्द बदलून सही करतात. तुमची चार ओळींची वही इथे उपयोगी पडते.

क्लायंटचा डेटा पेन ड्राइव्हवर नेऊ नका. पुढच्या माणसाला यादी करून द्या: कोणाचं काय बाकी, कुठली फाइल कुठे, कुठल्या पोर्टलवर कुणाचा मोबाइल नंबर आहे. तुमचा असेल तर तुम्ही बाहेर पडण्याआधी तो बदलून घ्या, नंतर कुणी बदलत नाही. मी ते ऑफिस सोडून तीन वर्षं झाली, चारदा फोन केला, आणि एका हार्डवेअरवाल्याच्या ३-बीचा ओटीपी अजूनही दर महिन्याच्या १९-२० तारखेला रात्री माझ्याच फोनवर येतो. पाठोपाठ त्याचा फोनही येतो.